'साधना'मधली चंपा फसवी, मग मोहन कोण?

टिळकवाडीकर:
रविवारी आईबरोबर 'साधना' बघितला. १९५८ चा, बी. आर. चोप्रांचा. बघितला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: प्रोफेसर मोहनला लग्नच करायचं नाही, पण आजारी आईला सुनेचं तोंड बघायचंय. मग पैसे देऊन खोटी बायको आणली जाते. ती असते कोठ्यावरची चंपा, घरात मात्र रजनी होऊन वावरते. मोहनलाही तिचा धंदा ठाऊक नसतो. माझं मत सरळ आहे, लपवलं ते लपवलं. त्या म्हातारीनं जीव लावला त्याचं काय?

खानापूरची सून:
होय की, पण पहिली थाप कुणी मारली? बायको नसताना बायको म्हणून आईपुढं उभी केली ती मोहननं. त्याला कोण फसवा म्हणालंय? तिनं फक्त नाव बदललं.

टिळकवाडीकर:
तो आईच्या जिवासाठी खोटं बोलला. ती पैशासाठी.

खानापूरची सून:
सुरुवातीला, होय. पुढं तिचा जीव त्या घरात गुंतत जातो तेव्हा वैजयंतीमालाचा चेहरा बघा. फिल्मफेअर काय उगाच मिळालं?

शहापूरकर:
तुम्ही दोघं पिक्चरमध्येच अडकलात. सौंदत्तीचा डोंगर आपल्याच जिल्ह्यात आहे. आमच्या गल्लीत एक आजी होत्या. हळदीकुंकवाला सगळ्यांकडं जायच्या, पण यल्लम्माच्या जत्रेचा विषय निघाला की काहीतरी काम काढून आत. वारल्यावर ट्रंकेत लुगड्यांच्या तळाशी तांबड्या-पांढऱ्या मण्यांची माळ निघाली. देवीला सोडलेल्या पोरीच्या गळ्यात बांधतात ती. सुनेनं कुणाला काही न विचारता ती मलप्रभेत सोडली. संपला विषय.
आणि कायद्याचं म्हणाल तर मुंबई सरकारनं १९३४ लाच ठरवलं होतं, बाई देवदासी होती एवढ्यावरून तिचं लग्न बेकायदा होत नाही. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यातच होतं.

निपाणीचा पाव्हणा:
कायदा राहू दे बाजूला. माझ्या बहिणीला आलेल्या स्थळानं पहिलं लग्न मोडल्याचं दडवलं होतं. साखरपुड्यानंतर कळालं, आम्ही मोडलं. बाप्या होता म्हणून सोडला नाही. कळाल्यावर घरात दोन दिवस चूल पेटली नाही हो.

खानापूरची सून:
बरोबरच केलंत. आता सांगा, त्या स्थळाचं पुढं काय झालं?

निपाणीचा पाव्हणा:
आठ महिन्यांत लग्न. चिकोडीची मुलगी.

खानापूरची सून:
आणि चंपानं पहिल्या दिवशीच खरं सांगितलं असतं, तर तिला कुठली चिकोडी होती?

टिळकवाडीकर:
मला अजून पटलेलं नाही. आईला विचारलं, त्या सासूच्या जागी तू असतीस तर? ती मेथी निवडत होती. आधी म्हणाली, "लीला चिटणीस आपल्या धारवाडची, कसली सासू रंगवलीय!" मग जुडी बाजूला ठेवून म्हणाली, "आधी पोराला दोन ठेवून दिल्या असत्या. पोरीचं नंतर बघितलं असतं."