वड तोडला, आता हरियल कुठे जाणार?

औंधवाली: पुण्यात आमच्या गेटसमोरचा जुना वड रस्तारुंदीत गेला. फळं धरली की हरियलांचा, म्हणजे हिरव्या कबुतरांचा, थवाच यायचा, सकाळी सकाळी शेंड्यावर उन्हं खात बसायचे आणि मग फांदीला उलटे लटकून फळं गिळायचे. बदल्यात दुसरीकडे रोपं लावणार म्हणे. आपला राज्यपक्षी आहे ना हा? टेकडीवर जातील का ते?

टेकडीप्रेमी: टेकडीवर जाऊन खाणार काय, वेताळ टेकडीवर बराच भाग गिरिपुष्पच लावलेलंय, त्याला शेंगा येतात आणि हरियल जवळजवळ फळांवरच जगतो. वड, पिंपळ, उंबर हे सगळे एकदम पिकत नाहीत, एक संपलं की दुसरं, म्हणून त्याला एकच झाड पुरत नाही, आसपास चार-पाच जुनी झाडं लागतात. आज लावलेलं वडाचं रोप फळायला कित्येक वर्षं जातात, तोवर काय करायचं त्यानं?

पक्षीवेडा: जात म्हणून धोक्यात नाहीये हो, भारतभर आहे. पण शहरातून जाऊ शकतो. एम्प्रेस गार्डनसारख्या जुन्या झाडांच्या जागा आहेत म्हणून निदान दिसतो तरी. पिवळे पाय आणि खांद्यावर जांभळट डाग बघा, घाटातल्या दुसऱ्या हिरव्या कबुतराचे पाय लालसर असतात. आणि हा बिया पसरवतो म्हणतात ते अर्धवटच खरंय, बऱ्याच बिया त्याच्या पोटातच भरडल्या जातात, ते काम बुलबुल, कोकीळ जास्त चांगलं करतात.

औंधवाली: सोसायटीत उंबर लावू म्हटलं तर कमिटी नाही म्हणते, फळं गाड्यांवर पडतात म्हणे 🙄

पेठकर: मग गाड्या हलवा की! बाकी पुढच्या वेळी झाडावर तोडायची नोटीस दिसली की लगेच फोटो काढा आणि महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे लेखी हरकत द्या, पोच घ्यायला विसरू नका. १९७५ च्या वृक्ष कायद्यात २०२१ ला दुरुस्ती झालीये, ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड हेरिटेज धरतात, तो मुद्दा हरकतीत घालाच. आणि मार्च ते जून हरियलाच्या घरट्यांचा सीझन असतो, चार काड्यांचं विरळ घरटं असतं, खालून पटकन कळत नाही, तेव्हा दुर्बिणीतून नीट बघून तेही लिहा.

टेकडीप्रेमी: +१. आणि भिंतीत, गटारात उगवलेली वड-उंबराची रोपं उपटून फेकू नका, कुंडीत जगवा, पावसाळ्यात लावायला आम्ही घेऊन जाऊ.