हॅनफर्डच्या टाक्या: सगळ्याचीच काच करायची का?

पाणथळ: अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात, कोलंबिया नदीकाठी हॅनफर्ड आहे. नागासाकीवरच्या बॉम्बचं प्लुटोनियम इथलंच. अशा बॉम्बसाठी वर्षानुवर्षं प्लुटोनियम वेगळं काढताना उरलेला सुमारे 21 कोटी लिटर किरणोत्सारी कचरा 177 टाक्यांत भरून जमिनीखाली पुरलाय. त्यातल्या 149 टाक्या एकेरी भिंतीच्या, 1943 ते 1964 मधल्या. 67 टाक्या कधी ना कधी गळल्या असं धरलं जातं. 2021 साली बी-109 या टाकीतून रोज 13 लिटर झिरपत असल्याचं जाहीर झालं.

कचरा काचेत वितळवून कोंडायचा कारखाना 2002 पासून बांधतायत. पहिली काच ओतली ऑक्टोबर 2025 मध्ये! घनफळाने 90 टक्के कचरा 'कमी तीव्र' आहे, त्यात एकूण किरणोत्साराचा दहावा हिस्साही नाही. तेवढा तरी सिमेंटमध्ये गोठवा आणि टाक्या लवकर रिकाम्या करा, असं माझं ठाम मत आहे.

गवंडीकाम: ताई, मी बावीस वर्षं काँक्रीटमध्ये आहे. जुन्या स्लॅबखाली पावसाळ्यानंतर पांढरे ओघळ दिसतात ना, तो चुना असतो. पाणी वरून शिरतं, आतला चुना विरघळवतं आणि खाली घेऊन येतं. स्लॅब उभा असतो, पण आतून धुपत असतो. तुमच्या 'कमी तीव्र' कचऱ्यात टेक्निशियम-99 हे किरणोत्सारी मूलद्रव्य आहे. अर्धायुष्य, म्हणजे निम्मं व्हायला लागणारा काळ, 2 लाख 11 हजार वर्षं, आणि पाण्यासोबत सहज वाहणारं. त्याला सिमेंटच्या भरवशावर सोडायचं? कदापि नाही.

पाणथळ: दादा, ओघळांचं पटलं. पण यात नुसतं सिमेंट नसतं, लोखंडाच्या भट्टीची स्लॅग (मळी) आणि फ्लाय ॲश (कोळशाची राख) हेही असतं. स्लॅगमुळे टेक्निशियम न विरघळणाऱ्या रूपात जातं. साउथ कॅरोलायना राज्यात सव्हाना रिव्हरच्या अणुकेंद्रात असाच कचरा कित्येक वर्षं गोठवतायत. आणि काचेच्या भट्टीतून निघणारा दुय्यम कचरा? तो शेवटी सिमेंटमध्येच जातो.

गवंडीकाम: स्लॅगचा तो गुण हवा लागेपर्यंतच. भेगेतून ऑक्सिजन शिरला की टेक्निशियम पुन्हा विरघळायला मोकळं. भेग पडणार नाही असं लिहून द्यायची माझी तयारी नाही, आणि मी हेच काम करतो.

नदीकाठचा: इथल्या मूळनिवासी याकामा लोकांचा अमेरिकी सरकारशी 1855 चा करार आहे, या नदीत मासेमारीचा हक्क त्यात लिहिलेला आहे. बॉम्ब त्यांनी मागितला नव्हता. स्वस्तातला उपाय नेमका त्यांच्याच पाण्याशेजारी का?

पाणथळ: म्हणूनच हॅनफर्डला पुरू नका म्हणते. 2024 मध्ये ठरलंय की 22 टाक्यांतला कचरा 2040 पर्यंत उपसायचा आणि त्यातला कमी तीव्र भाग सिमेंटमध्ये गोठवून राज्याबाहेर पुरायचा.

नदीकाठचा: म्हणजे आपल्या दारातून उचलून दुसऱ्याच्या दारात.

पालघरवाला: आमच्या तारापूरला बीएआरसी (भाभा अणुसंशोधन केंद्र) कित्येक वर्षं अशा कचऱ्याची काच करते, मग अमेरिकेला का जमेना, असं इथे बरेच जण विचारतात. कारण कचराच वेगळा आहे. आपल्याकडे तो आम्लच ठेवून स्टेनलेस स्टीलच्या टाक्यांत ठेवतात. हॅनफर्डला युद्धाच्या घाईत साध्या पोलादाच्या टाक्या बांधल्या, आणि त्या गंजू नयेत म्हणून आम्लात कॉस्टिक ओतलं. त्याने कचरा फुगला, तळाला गाळ बसला, वर मिठाचे थर जमले. टाकीला दार नाही. 23 मीटर रुंद टाकी, डोक्यावर मातीचा थर, आणि आत जायला वरून उतरलेले नळ. त्यातूनच पाण्याचा झोत आणि यंत्राचा हात आत घालून हा दगड झालेला थर फोडायचा. माझ्या मते काच-सिमेंटच्या वादाआधी या उपशाला पैसा आणि माणसं द्यायला हवीत.

गवंडीकाम: उपशाबद्दल शंभर टक्के सहमत. सिमेंटबद्दल नाही.

पाणथळ: मग टेक्निशियम आधी वेगळं काढलं आणि उरलेलं सिमेंटमध्ये घातलं, तर चालेल तुम्हाला?

गवंडीकाम: वेगळं काढलेलं काचेत जाणार असेल, तर विचार करेन.