उघडलेलं ५०० ग्रॅम कोरडं यीस्ट: फ्रिज की फ्रीझर? मदत हवी आहे

घरी एल (बिअरचा एक प्रकार) बनवण्यासाठी घेतलेलं यूएस-०५ या कोरड्या यीस्टचं ५०० ग्रॅमचं पाकीट फोडलंय. २० लिटर बिअरला ११.५ ग्रॅम लागतं, म्हणजे बरंचसं वर्षभर टिकवायचंय. उत्पादक उघडलेलं पाकीट ४ अंशांवर ठेवून ७ दिवसांत संपवायला सांगतात, कारण ओल आणि हवा.

सध्या ११.५ ग्रॅमच्या पुड्या व्हॅक्यूम-सील करून सिलिका जेलसह बरणीत, फ्रिजमध्ये ४ अंशांवर ठेवल्यात. बरणी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडत नाही, नाहीतर आत दव धरतं. साखरपाण्यात फेस येतो, पण त्यावरून किती पेशी जिवंत आहेत ते कळत नाही. सूक्ष्मदर्शक नाही.

फ्रीझर उणे १८ चा, पण फ्रॉस्ट-फ्री (साचलेला बर्फ आपोआप वितळवणारा), त्यामुळे तापमान सतत वरखाली होतं. अशा फ्रीझरमध्ये पुड्या हलवाव्यात का? आणि सहा महिन्यांनी २० लिटरला किती ग्रॅम वाढवून घालावं?