गोव्यातलं तेच रिसॉर्ट, सात वर्षांनी परत... पैसे मिळतील का?

टॉवेलवाला, सोलापूर

नमस्कार मंडळी. आधीच सांगतो लांबलचक होणार, पण दिवाळीपासून डोक्यातनं जाईना म्हणून लिहायलोय.

२०१८ च्या डिसेंबरात आम्ही चौघं, मी, बायको, आई आणि पोरगी, दक्षिण गोव्यात बाणावलीच्या बाजूला एका रिसॉर्टला राहिलतो. नाव लिहीत नाही, उगं भांडण नको. तेव्हा गाडीनं गेलतो, सांगोला-मिरज-कोल्हापूर करत आजऱ्यावरून आंबोली घाट, पहाटे चारला निघून पोचेपर्यंत दिवस मावळला. आईचे पाय सुजले. पण सकाळी गॅलरीचं दार उघडलं आणि माडाच्या बुंध्यांमधनं सरळ समुद्र. आमची आई कशाला चांगलं म्हणणाऱ्यातली नाही, ती खुर्ची टाकून बसली ते जेवायलाच उठली. सकाळी सायकलवर भोंगा वाजवत पोदेर, म्हणजे तिथला पाववाला, यायचा, किचनवाला धावत जाऊन गरम पोई, म्हणजे गोव्याचे गोल पाव, घ्यायचा, त्यातल्या दोन आईसाठी बाजूला काढून ठेवायचा, कारण ती अंड्याच्या काउंटरकडं फिरकत नाही हे त्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

आणि टॉवेल. हसू नका, माझा धंदाच तो आहे, अक्कलकोट रोडला माग आहेत. कुठंही गेलो की आधी टॉवेल हातात घेतो, बायको वैतागते. तिथला टॉवेल तीस बाय साठ इंच, हातानं तोलला तरी कळत होतं डझनाला सात किलो भरणारा माल, म्हणजे पाचशे जीएसएम, चौरस मीटरला पाचशे ग्रॅम. लूप भरगच्च, बॉर्डरची शिलाई डबल. कोपरा उलटून बघितला तर लेबल आपल्या सोलापूरचं! माझा नव्हता, पण छाती फुगली की ओ.

तर यंदा आई म्हणाली तिथंच जाऊ परत. आपल्याकडनं गोव्याला विमान सुरू झालंय जून २०२५ पासून, होटगी रोडला बसलो आणि चहा पचायच्या आत मोपाला उतरलो. पुढं मोपा ते बाणावली टॅक्सीनं विमानाएवढे पैसे घेतले ते सोडा. चार रात्रींचं बुकिंग, ६८०० रोज, रूम तीच मागून घेतलेली, पैसे ऑक्टोबरमध्ये आधीच भरलेले.

दार उघडलं, गॅलरीत गेलो, समोर पत्र्याची शेड. लग्नाचा हॉल बांधलाय. माड तोडलेत का शेडमागं गेलेत काय माहीत, समुद्राचा नुसता आवाज येतो, तोसुद्धा डीजे बंद असला तर. डीजे रात्री साडेअकरापर्यंत. एसीच्या जाळीला गंज, पाणी टपकून खाली बादली ठेवलेली, म्हणजे त्यांना माहीत होतं! नळाला गरम पाणी सकाळी सात ते आठच. आम्ही चार-पाच दिवसाआड पाणी भरणारी माणसं, पाण्यावरनं तक्रार करणारे नव्हे, पण ६८०० देऊन बादल्या भरून ठेवायच्या का? नाष्ट्याला पोई नाही, कारखान्याचा स्लाइस ब्रेड आणि पुडीचा जाम. आईनं विचारलं तो किचनवाला पोरगा कुठंय, तर काउंटरवरचा म्हणतो मी इथं तीन महिनेच झालो.

टॉवेल चार किलो डझनचासुद्धा नव्हता. लूप ओढून ओढून टक्कल पडलेलं, क्लोरीननं पिवळा, आणि वास लपवायला सॉफ्टनर इतका मारलेला की अंगावरचं पाणी पुसलं जायचं नाही, नुसतं इकडनं तिकडं सरकायचं.

दोन रात्रींनंतर निघालो. उरलेल्या दोन रात्रींचे पैसे मागितले, तर "नो रिफंड, वेबसाइटवर लिहिलंय." बिलात बारा टक्के जीएसटी, जेवणावर दहा टक्के सर्व्हिस चार्ज. दोन प्रश्न आहेत. काही मिळू शकतं का, का सोडून द्यावं? आणि आईला फेब्रुवारीत परत समुद्र बघायचाय, जास्त चालणं होत नाही तिला, कुठं न्यावं?

काय_बे

तुमचं सगळं दुःख टॉवेलचंच दिसायलंय 😄 बाकी सात वर्षांनी तीच रूम मागून घ्यायची म्हणजे शाळेतल्या क्रशला लग्नानंतर भेटायला जायचं. आम्ही पण केलतं हे, हैदराबादला त्याच बिर्याणीसाठी गेलतो. तिथं आता मोबाइलचं दुकान आहे.

सासष्टीकर

दादा, मी ह्याच पट्ट्यात अकरा वर्षं हॉटेलात काढली, आता स्वतःचं छोटं गेस्टहाऊस आहे, म्हणून आतलं थोडं सांगतो. तुम्ही लिहिलंत त्यावरनं वाटतं जागा मालकानं चालवायला दिलेली आहे. कोविडनंतर मी पाहिलेल्या तीन-चार जागांचं असंच झालं, मालक थकला, मुलगा बाहेरदेशी, मग वर्षाच्या भाड्यावर दुसऱ्याला दिली. भाड्यानं घेणारा माड कशाला सांभाळणार, त्याला वर्षात पैसे काढायचे असतात आणि पैसे लग्नात आहेत, रूममध्ये नाहीत. बोर्ड तोच, फोटो तेच, माणसं सगळी नवीन. तुमचा तो किचनवाला केव्हाच बोटीवर नाहीतर गल्फला गेला असेल.

टॉवेलचं पण तेच कारण. आधी लॉंड्री घरची असायची, आता बाहेर कंत्राटानं किलोवर जाते. सगळ्या हॉटेलांचा माल एकत्र, ब्लीच भरपूर, मशीन गरम. तुमचा सात किलोचा माल घातला तरी तिथं वर्षभर टिकणार नाही, आणि हलका टॉवेल धुवायला आणि वाळवायला स्वस्त पडतो, म्हणून हलकाच घेतात.

एसीबद्दल मात्र एक बोलतो. समुद्राच्या इतक्या जवळ खाऱ्या हवेनं बाहेरचं युनिट सडतंच, आमचंही सडतं. पण दर पावसाळ्यानंतर धुऊन कॉइल बघायची असते. बादली ठेवली म्हणजे बघितलं नाही.

पुढच्या वेळी फोन करून दोनच गोष्टी विचारा, किचन कोण चालवतं आणि त्या तारखांना हॉलला लग्न आहे का. जो लगेच उत्तर देतो तिथं जा. जो म्हणतो "सर नो प्रॉब्लेम सर", तिथं प्रॉब्लेम आहे. आणि फोटो लोकांनी टाकलेले बघा, मागच्या दोन-तीन महिन्यांतले, हॉटेलनं टाकलेले नकोत.

हिशोबी_काका

सोडून देऊ नका. एकेक करून सांगतो.

जीएसटी आधी. खोलीचं भाडं रोजी ७५०० किंवा त्याच्या आत असेल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के आहे, आधी १२ होता. तुम्ही राहिलात दिवाळीत, पैसे भरलेत ऑक्टोबरमध्ये, म्हणजे ५ च लागतो. ६८०० वर १२ टक्के ८१६ आणि ५ टक्के ३४०, रोजचे ४७६ जास्त घेतले, चार रात्रींचे १९०४. हे तर त्यांना द्यावंच लागेल, सुधारित बिल लेखी मागा.

सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या सूचना आहेत, दिल्ली हायकोर्टानं मार्च २०२५ मध्ये त्या उचलून धरल्या. द्यायचा की नाही हे गिऱ्हाइकानं ठरवायचं.

आता दोन रात्रींचे. इथं लोक घाबरतात की केस गोव्याला लढावी लागेल. नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तुम्ही जिथं राहता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे आपल्या सोलापुरातच. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं. पण त्याच्या आधी १९१५ ला फोन करा, ती राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, बरीच प्रकरणं तिथंच मिटतात.

एक विचारतो, निघताना लेखी काही दिलंत का? बादलीचा फोटो आहे का? वेबसाइटवर गॅलरीतनं समुद्र दाखवलाय त्याचा स्क्रीनशॉट आजच काढा, नोटीस गेली की फोटो बदलतील. "नो रिफंड" हे तुम्ही मनानं बेत बदललात तर ठीक, पण दाखवलं एक आणि दिलं एक, तर नुसत्या त्या वाक्यामागं लपता येत नाही. मिळतीलच असं नाही म्हणत, तोंडी तक्रारीवर मिळणार नाहीत एवढं नक्की.

वेंगुर्ल्याची_सून

माहेर जुळे सोलापूर म्हणून लिहितेय. दादा मोपाला उतरून दोन तास खाली कशाला जाता, वर या ना आमच्याकडे! शिरोड्याचा वेळागर किनारा, सुरूची झाडं, वाळू सपाट, गाडी जवळपर्यंत येते, आईंना फार चालावं लागणार नाही. रेडीचा गणपती जवळच, दोन हातांचा, १९७६ मध्ये खाणीत सापडलेला, आईंना आवडेल. शिरोडा म्हणजे १९३० चा मिठाचा सत्याग्रह झाला तेच गाव. रिसॉर्टसारखा थाट नाही मिळणार, घरगुती राहायचं, सकाळी घावणे आणि नारळाचा रस, शाकाहारीचं वेगळं करून देतात आधी सांगितलं की. दुपारी लाइट जाते कधीकधी, ते पण सांगून ठेवते, मागनं बोल नको.

काय_बे

ताई लाइट जाण्याची भीती सोलापूरकराला? एप्रिलमध्ये या एकदा माहेरी.

टॉवेलवाला, सोलापूर

सगळ्यांचे आभार. सासष्टीकर दादा, तुमचं बरोबर निघालं, बिलावर खाली दुसऱ्याच नावाची फर्म आहे, मी बघितलंच नव्हतं. आईला सांगितलं तो पोरगा बोटीवर गेला असेल, तर म्हणाली बरं झालं, पगार चांगला असतो.

काका, बादलीचा फोटो पोरीनं काढलाय, मैत्रिणींना पाठवायला, "लक्झरी" असं लिहून. तोच लावला. निघताना लेखी दिलं नव्हतं ही चूक झाली, पण काउंटरवाल्याला व्हॉट्सॅपवर एसीचं आणि डीजेचं सांगितलेलं, निळ्या टिका आल्यात, ते चालेल ना? १९१५ ला तक्रार केली, नवव्या दिवशी रिसॉर्टचा फोन. १९०४ आणि सर्व्हिस चार्ज परत करतो म्हणाले, आणि दोन रात्रींच्या बदल्यात "पुढच्या वेळी दोन रात्री फ्री". मी म्हटलं पुढची वेळ नाही ओ, पैसे द्या. विचार करून सांगतो म्हणालाय, सोमवारपर्यंत बघतो, नाहीतर आयोगात जाणार.

शिरोड्याला एका घरी फोन केला, फेब्रुवारीचं. किचन कोण बघतं विचारलं, तर बाई म्हणाल्या मीच, दुसरं कोण बघणार. हॉल नाही, लग्न नाही. मग टॉवेल कसले आहेत विचारलं. म्हणाल्या टॉवेल आपापले आणायचे.