मदत हवी आहे: कागदाने रंग उचलताना खालचा थरही निघतो

चित्रकार वासुदेव गायतोंडे रोलर, पॅलेट नाइफ आणि फाटके कागद वापरून तैलरंगाचे थर चढवत, उतरवत. त्याच अंगाने माझं काम चालू आहे. आधी रेखाटन नाही. कुठला आकार ठेवायचा ते ओल्या रंगाकडे बघूनच ठरतं.

कॅनव्हास 30 × 40 इंच, अ‍ॅक्रिलिक जेसोचे (रंगाआधीचं पांढरं अस्तर) दोन हात. तळाला रॉ अंबर (तपकिरी तैलरंग), नुसत्या टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला. वर फोम रोलरने अल्ट्रामरीन निळा (एक भाग जवस तेल, दोन भाग टर्पेंटाइन). त्यावर वर्तमानपत्राचा तुकडा दाबून उचलला की अंबरही निघतो, पांढरा जेसो उघडा पडतो. अंबर एरवी लवकर सुकतो आणि इथेही तो बोटाला कोरडाच लागतो. आठवडाभर थांबूनही फरक नाही. माझा संशय, तळात रंग धरून ठेवणारं तेलच कमी आहे. वरचं टर्पेंटाइन घटवलं तर रोलर चिकटतो, दाणे पडतात.

अ‍ॅक्रिलिक तळ नको, रंगाला गहिरेपणा मिळत नाही. वरच्या थरात अल्किडही (तैलरंग लवकर सुकवणारं राळेचं मीडियम) नको. निर्णयाला निवांत वेळ लागतो. कामाची जागा लहान, त्यामुळे टर्पेंटाइन वाढवता येणार नाही.

फक्त तळाच्या अंबरमध्ये अल्किड मीडियम घातलं तर तो टिकेल का? किती प्रमाणात, आणि वरचा थर किती दिवसांनी?