दुसरा खंड कोणाकडे आहे?

देशमुख काकू, बी-४०३: नमस्कार. वाचनालयाच्या कपाटातून ‘तुंबाडचे खोत’चा दुसरा खंड गायब आहे. पहिला माझा वाचून झाला. वहीत कोणाचीच नोंद नाही. ज्यांच्याकडे असेल त्यांनी कृपया आणून ठेवावा.

सावंत, ए-१०२: गणपतीतल्या खुर्च्यांसारखंच होणार हे 😀

नेने काका, अध्यक्ष: खुर्च्यांचा विषय सभेत संपलाय, सावंत.

रोहन, सी-२०१: तुंबाड म्हणजे तो हस्तरवाला पिक्चर ना?

नेने काका: नाही रे बाबा! २०१८च्या पिक्चरने फक्त नाव उचललं. ही श्री. ना. पेंडशांची कादंबरी, १९८७ची. कोकणात जगबुडी नदीकाठचं खोतांचं, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदारांचं घराणं, चार पिढ्या, दोन जाडजूड खंड. हस्तर-बिस्तर काही नाही.

कदम मामा: पेंडसे आमच्या ‘बेस्ट’मधले बरं का. नोकरी सांभाळून लिहायचे. मला ड्यूटीवरून आल्यावर पेपर उघडायचं त्राण नसायचं.

देशमुख काकू: दुसरा खंड कोणाकडे आहे? नम्र विनंती.

शिल्पा, बी-१०१: काकू, शेवट सांगू का?
शिल्पा, बी-१०१: (हा मेसेज डिलीट केला आहे)

देशमुख काकू: शिल्पा, मी वाचलं ते. आभारी आहे.

शिल्पा, बी-१०१: सॉरी काकू 🙈

सावंत: त्यापेक्षा फास्टर फेणे बरा. कितीही पुस्तकं निघाली तरी बन्या आपला शाळेतच. म्हातारपण नाही, वाटण्या नाहीत.

कदम मामा: वाटण्या नाहीत तर घराण्याची कादंबरी कसली?

पाटील, सी-१०४: एक विचारू का? खोतांच्या चार पिढ्या आल्या. कुळांच्या चार पिढ्यांचे दोन खंड कुठे मिळतील? आमच्या अलिबागेकडे चरीचा संप १९३३ पासून सहा वर्षं चालला. कुळांनी शेतं पडीक ठेवली. बाबासाहेबांनी १९३७ला खोतीविरुद्ध विधेयक आणलं, कायदा व्हायला १९४९ उजाडलं.

नेने काका: पाटील, ती कादंबरी आहे, सातबारा नव्हे. पेंडशांनी खोतांची भलामण केलेली नाही. आधी वाचावं, मग बोलावं.

पाटील: पहिला खंड वाचलाय. उत्तम लिहिलाय, तिथेच तर मेख आहे. शंभर पानं होईतो आपणही खोतांच्या ओटीवर जाऊन बसतो आणि कुळं अंगणात उभी दिसायला लागतात.

सावंत: ओटीवर बसून पार्किंग वाटणारे आपल्याकडेही आहेत 🙏 सहज म्हटलं.

नेने काका: सहज म्हणजे? नाव घ्या ना.

सेक्रेटरी: कृपया विषयाला धरून बोलावे. उद्या ११ ते २ टाकी सफाई, पाणी बंद राहील.

देशमुख काकू: विषय असा आहे. दुसरा खंड कोणाकडे आहे?

कदम मामा: ११ ते २ तिन्ही विंगना का?

नेने काकू: अहो, तो जाडा खंड सासूबाईंच्या उशाशी आहे तोच ना? तुम्हीच दिवाळीत आणलात.

रोहन: 😶

नेने काका: आईचं वय ८९ आहे. रोज चार पानं होतात. समितीला तोंडी कल्पना दिली होती.

पाटील: समितीत कोण कोण आहे?

सेक्रेटरी: सध्या अध्यक्षच.

देशमुख काकू: आईंचं सावकाश होऊ दे, मला घाई नाही. पण पंधरा दिवसांनंतर रोज एक रुपया दंड हा कपाटावरचा नियम नेनेसाहेबांच्याच सहीचा आहे, म्हणून विचारलं.

सावंत: खोती १९४९ला रद्द झाली म्हणे 😂

नेने काका: दंड भरतो. सावंत, तुमची दुसरी गाडी पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये कोणत्या नियमाने उभी आहे, तेही लिहा.

सावंत: ती मेहुण्याची आहे.

नेने काका: दोन वर्षं?

कदम मामा: देशमुख वहिनी, तोवर खालच्या फळीवर ‘गारंबीचा बापू’ आहे. पेंडशांचाच, एकाच खंडात.

देशमुख काकू: वाचलाय.