मदत हवी आहे: इंग्लंडमध्ये ज्युरीने दोषी ठरवल्यावर अपील

क्राउन कोर्टात ज्युरीने भाच्याला दोषी ठरवलंय, शिक्षा अजून सुनावलेली नाही. दोषी ठरवण्याविरुद्ध अपिलाची 28 दिवसांची मुदत निकालाच्या तारखेपासून मोजतात, शिक्षेच्या नाही. बरेचजण इथेच गाफील राहतात. फॉर्म एनजी (अपिलाच्या परवानगीचा अर्ज) थेट क्रिमिनल अपील ऑफिसला पाठवायचा, एवढं पक्कं आहे.

'ज्युरीचं चुकलं' एवढ्यावर काही होत नाही. आणि आत काय चर्चा झाली हे ज्युरींना विचारणं तर गुन्हाच. आमचा मुद्दा न्यायाधीशांच्या समारोपाचा, म्हणजे ज्युरी निर्णयाला बसण्याआधी ते तिला जे समजावून सांगतात त्याचा आहे. भाच्याला ओळखलं असं सांगणारा साक्षीदार एकच, तोही अंधारात लांबून पाहणारा. तरीही प्रामाणिक, ठाम साक्षीदारही चुकू शकतो हा टर्नबुल इशारा ज्युरीला दिलाच नाही.

नव्या बॅरिस्टरला आधीच्या वकिलांकडून खटल्यात काय घडलं याची खातरजमा करून घ्यावी लागते. ते दादच देत नसतील तर मुदतीत फॉर्म भरून मुद्दे मागाहून सुधारता येतात का? समारोपाची लेखी प्रत आपणच मागवायची, की अपील ऑफिस मागवतं? आणि सिंगल जजने (परवानगीचा अर्ज आधी तपासणारा एकटा न्यायाधीश) परवानगी नाकारल्यावर पुन्हा अर्ज केला, तर तुरुंगातले काही दिवस शिक्षेत न धरण्याचा आदेश प्रत्यक्षात कितपत निघतो? तिथे फौजदारी वकिली करणाऱ्यांनी कृपया सांगावं.